तुलनेचा माणूस

९ जानेवारी

दादा,

फोनवर तुझ्याशी बोलणं म्हणजे तुझ्या पाणी शुद्धीकरण केंद्रातल्या पंपाशी बोलणं. मी विचारते, आई कशी आहे. पंप घरघरतो, तू त्याच्यावरून "ठीक आहे" असं ओरडतोस आणि फोन ठेवतोस. आता पार्सल पाठवायचंच आहे, तर त्यात हे पत्र घालते. तूही उत्तर पार्सलातच घाल.

रविवारी आईचा फोन आला होता. तिने आपणहून फोन केला म्हणजे सहन होण्यापलीकडे गेलं असणार, हे तुला सांगायला नको. पाठ, दंड, पोटऱ्या, सगळीकडे खाज. "कंगव्याने पाठ खाजवते ग," म्हणाली, "तेवढाच त्याचा उपयोग, डोक्यावर आता विंचरायला राहिलंय काय?" ती हसली. मला हसू आलं नाही. इतके दिवस हे चाललंय आणि तू मला एका शब्दाने सांगितलं नाहीस.

मी तुझ्या पाण्याला नावं ठेवत नाही. पण नदीच्या वरच्या अंगाला कातडी कमावणारे आहेत, नळांना आणि सायकलींना चकचकीत मुलामा देणारे आहेत, आणि त्यांचं क्रोमियम पाण्यात येतं हे तूच मला शिकवलंस. आई त्याच पाण्याने अंघोळ करते, तेच पिते. मला फक्त खात्री करून घ्यायची आहे.

सोबत दोन डब्या आहेत. लाल झाकणाची आईसाठी, पांढऱ्या झाकणाची तुलनेच्या माणसासाठी. तुलनेचा माणूस म्हणजे त्याच घरात राहणारा, तेच पाणी वापरणारा, पण खाज नसलेला. घरात तुम्ही दोघंच, तेव्हा तो मान तुझा. दोघांच्याही हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या थोडं खाली, पारदर्शक पट्टी लाव, अंगठ्याने दाबून धर आणि एका झटक्यात ओढ. त्याच जागी दुसरी, मग तिसरी, डबीतल्या सगळ्या संपेपर्यंत. प्रत्येक पट्टीबरोबर मेलेल्या पेशींचा एक पातळ पापुद्रा निघतो. दुखत नाही, शेवटी शेवटी चुरचुरतं. मी इथे त्या पट्ट्या आम्लात विरघळवून मशीनमध्ये घालते. कोणता धातू कातडीत किती खोल गेला आहे ते मशीन सांगतं.

माझं इथे बरं चाललंय, म्हणजे चाललंय. एका कंपनीला सिद्ध करून हवं आहे की त्यांचं क्रीम लावलं की कातडीतून पाणी कमी उडतं. माणसं येतात, टेबलावर हात ठेवतात, मी त्यावर छोटी नळी टेकवते, ती नळी उडणारी वाफ मोजते. खोलीतली हवा वर्षभर एकसारखी ठेवावी लागते, त्यामुळे बाहेर कोणता ऋतू आहे ते मला घरी जाताना कळतं. चेहरे लक्षात राहत नाहीत, हात राहतात. कंटाळा आलाय असं म्हणण्याचाही कंटाळा आलाय.

पट्ट्या लवकर पाठव. आईला सांग, मी रागावलेली नाही, तिच्यावर.

मुंगी


२० जानेवारी

मुंगे,

लहानपणी चावायचीस म्हणून तुला मुंगी म्हणायला लागलो. सवय गेलेली दिसत नाही.

आईच्या पट्ट्या काढल्या. दर पट्टीला "आई ग" म्हणायची आणि मग स्वतःच हसायची. शेवटी म्हणाली, "एवढं सोलतोयस तर आत कोण बसलंय तेही बघून सांग." नंतर माझ्या मीच काढल्या. मला काहीही त्रास नाही, तेव्हा तुझा तुलनेचा माणूस अगदी पक्का आहे. डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या आहेत, तारखेसकट.

तुला कळवलं नाही कारण कळवण्यासारखं वाटलं नाही. म्हातारपणी अंग कोरडं पडतं. आमच्या फाटकावरच्या रखवालदाराच्या आईलाही खाज येते आणि ती डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी पिते.

पाण्याबद्दल विचारलंस म्हणून सांगतो. नदीचं पाणी आलं की आधी हिराकस घालतो, त्याने क्रोमियमचं विष बरंचसं मरतं. मग चुना. मग निवळणीच्या टाकीत गाळ खाली बसतो आणि वरचं पाणी वाळूतून जातं. दुसरं कुठलंही गाव एवढ्यावर समाधानी राहिलं असतं. आपल्याकडे उरलंसुरलं धरायला शेवटी रेझिनची टाकी आहे. मोहरीएवढे मणी, माणूसभर उंचीचा थर. क्रोमियम मण्यांना चिकटतं, पाणी पुढे जातं. मणी भरले की खालून वर पाणी सोडून मोकळे करायचे, मिठाच्या पाण्याने धुवायचे, की पुन्हा कामाला तयार. माणसांपेक्षा बरे.

खालून वर पाणी सोडणारा पंप मात्र गेल्या उन्हाळ्यात जळाला. साहेब म्हणतात, मोटर निघाली आहे. ती कुठून निघाली आहे आणि कशावर बसून येते आहे, कोण जाणे. हाताखालची दोन्ही माणसं दुसऱ्या केंद्रावर पाठवली. मी सांभाळून घेतो. गावाचं पाणी एक दिवसही बंद पडलेलं नाही. रोज सकाळी नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकतो. क्रोमियम असेल तर पाणी गुलाबी होतं. होत नाही. एवढ्या एका गोष्टीबद्दल मला कुणी काही बोललेलं सोसत नाही, तूसुद्धा.

अक्षरावरून टोमणे मारू नकोस. हल्लीची पेनं फार बारीक, हातात बसत नाहीत. म्हणून बाटल्यांवर लिहायच्या जाड मार्करने लिहितोय.

तू जेवणाच्या वेळा पाळत जा. आवाजावरून वाळलेली वाटतेस.

दादा


२ फेब्रुवारी

दादा,

निकाल आला. मी तो तीनदा तपासला, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही.

एका डबीत काहीच नाही. कुणाच्याही अंगावर धुळीमातीचं असतं तेवढंच. दुसऱ्या डबीत वरच्या पट्टीपासून अगदी शेवटच्या पट्टीपर्यंत क्रोमियम आहे. वरवर लागलेलं असतं तर पहिल्या दोन-चार पट्ट्यांत संपलं असतं. हे आत मुरलेलं आहे. इतकं मी आजवर एकाच माणसाच्या हातात पाहिलं आहे, आणि तो मुलाम्याच्या हौदावर काम करायचा.

आता ऐक. रिकामी निघाली ती लाल झाकणाची, आणि भरलेली निघाली ती पांढरी. म्हणजे आई स्वच्छ आणि तू विषाने भरलेला. खाज तिला, आणि तुला "काहीही त्रास नाही". हे कसं शक्य आहे? तू झाकणं बदललीस, दादा. एवढं साधं काम सांगितलं होतं.

म्हणजे ती भरलेली डबी आईची आहे. तुझी कातडी जाड आहे, सगळ्याच अर्थांनी, ती अडवते. आईची जुन्या धुवट चादरीसारखी विरली आहे, तिच्यातून सगळं आत जातं. म्हणून त्याच पाण्याचं तुला काही होत नाही आणि तिला होतं.

तुझे ते थेंब आणि ते गुलाबी पाणी मला सांगू नकोस. ते औषध कधी मागवलेलं आहे? बाटलीवरची तारीख बघितलीस? तू बाटलीतलं पाणी तपासतोस, मी माणूस तपासते. आणि माणूस सांगतोय की तुझं पाणी नासलेलं आहे. एवढी वर्षं तू त्या प्लँटशी लग्न लावल्यासारखा राहिलास, घरात दुसरं कुणी आणलं नाहीस, आणि शेवटी आपल्याच आईला हे पाजलंस.

हे लिहून झाल्यावर परत वाचलं. खोडायचं मनात आलं. खोडत नाही.

तिला माझ्याकडे पाठव. ताबडतोब. नाहीतर मी येऊन घेऊन जाते.

मुंगी


८ फेब्रुवारी

मुंगे,

झाकणं बदलली असतील. त्या दिवशी डोकं ठिकाणावर नव्हतं.

शेजारच्या शिक्षिकाबाई तिकडे लेकीकडे निघाल्या आहेत. त्यांच्याबरोबर आईला पाठवतो. मला यायला जमणार नाही, इथे मागे बघायला कुणी नाही. तिची उशी दिली आहे, दुसऱ्या उशीवर तिला झोप येत नाही. चहात दोन चमचे साखर मागेल, एकच घाल.

पाण्याबद्दल लिहिलंस ते वाचलं. मी ठीक आहे.

दादा


३ मार्च

दादा,

कुठून सुरुवात करू कळत नाही. माफी मागून करते. मग भांडते.

आई पोचली त्याच संध्याकाळी, अंघोळीच्या आधी, मी तिच्या दोन्ही हातांच्या पट्ट्या काढल्या. या वेळी झाकणं लावायला तू नव्हतास. निकाल आला: काही नाही. दुसऱ्या हाताचाही तोच. तिच्या अंगात क्रोमियमचा मागमूस नाही.

खाजेचं कारणही सापडलं. ती कढत पाणी घेते आणि कपड्यांच्या साबणाची वडी अंगाला घासते. मी हबकले. म्हणते कशी, "अंगाच्या साबणाने नुसता वास येतो, स्वच्छ झाल्यासारखं वाटत नाही." साबण काढून घेतला, साधं मलम दिलं, खाज थांबली. मी मोठमोठी मशीनं चालवते आणि कारण न्हाणीघरातल्या कोनाड्यात होतं. तिला फोनवर एवढं विचारायचं मला सुचलं नाही.

पण ते असो. तुझ्या पट्ट्यांतल्या काही मी जपून ठेवल्या होत्या. त्या आज काचेखाली घेतल्या. आधी मी मशीनचा आकडा बघत होते, पट्टी बघितलीच नव्हती. पांढऱ्या झाकणातल्या पट्टीवर हातावरचे केस चिकटलेले आहेत. राठ, काळे. आईच्या हातावर एक केस उरलेला नाही.

तू झाकणं बदललीच नव्हतीस. जन्मभर बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणारा माणूस दोन डब्यांत गोंधळ करेल हे मी मानलंच कसं? आणि तू मला ते मानू दिलंस. "बदलली असतील." किती सहज लिहिलंस. आईला विष पाजल्याचा आरोप डोक्यावर घेतलास, तिला पाठवून दिलंस, पण हात दाखवले नाहीस.

आईला मी सरळ विचारलं. ती म्हणाली, "हल्ली चमच्याने जेवतो. घरात पांढरे हातमोजे घालून बसतो. आपले कपडे मला धुवू देत नाही. म्हटलं, साहेब झाला असेल, मला सांगायचं राहिलं असेल." मग तिचं तिलाच कळलं.

म्हणून मार्कर. म्हणून शिक्षिकाबाई. म्हणून पेनं बारीक. दादा, शाळेत तुझ्या अक्षराची वही सगळ्या वर्गांतून फिरवायचे, आणि मला वाटलं तू आळशी झालास. मी दिवसभर परक्यांचे हात बघते आणि तुझे हात शेवटी कधी नीट बघितले ते मला आठवत नाही.

तिकडे क्रोम घालून जनावरांची कातडी कमावतात. तू स्वतःची कमावायला बसला आहेस का? खरं खरं लिही. ते तुझ्या हातात कसं आलं? नळाच्या पाण्यातून नाही, हे आता मला कळलं आहे. आणि हात कसे आहेत? "ठीक" हा शब्द लिहिलास तर मी पत्र परत पाठवेन.

मुंगी


१२ मार्च

मुंगे,

तिच्या अंगात क्रोमियमचा मागमूस नाही. तुझ्या पत्रातलं हे वाक्य मी दिवसभर परत परत वाचलं. प्लँटवर बसून वाचलं, घरी येऊन वाचलं. आईने या पाण्याशिवाय दुसरं पाणी कधी वापरलेलं नाही. फेब्रुवारीत तू जे लिहिलंस त्याने मी मोडलो होतो. थेंबांच्या औषधाची बाटली काढून तारीख बघितली. औषध ताजं होतं, तरी विश्वास बसेना. मग नवं मागवलं, पुन्हा तपासलं, तरी वाटे, मुंगी शिकलेली आहे, तिचं मशीन मोठं आहे, तीच बरोबर असेल. आता मला कुणाच्या शिफारशीची गरज नाही. बरं वाटलं, फार बरं वाटलं.

बाकीचं विचारलंस ते सांगतो. पाण्यातून काढलेली घाण कुठे जाते, हे कधी कुणी विचारत नाही. ती मण्यांवर बसते. मिठाच्या पाण्याने मणी धुतले की पिवळं धमक पाणी निघतं, नदीत वर्षभर वाहतं ते सगळं त्यात दाटून आलेलं असतं. पंप होता तेव्हा मणी आपोआप मोकळे व्हायचे, हात लावायची वेळ यायची नाही. पंप गेला आणि मण्यांची ढेकळं व्हायला लागली. ढेकूळ झालं की पाणी बाजूने पळतं, न गाळता. म्हणून झाकण उघडायचं, आत उतरायचं आणि हातांनी ढेकळं फोडायची. हातमोजे होते. फाटले. फाटक्या मोज्यात पिवळं पाणी शिरलं की हात त्यातच मुरत राहतो, त्यापेक्षा उघडा हात बरा वाटला. नंतर चांगल्या पाण्याने धुवायचो. वाटायचं, धुतलं की गेलं. कोपराजवळ तर काही दिसतही नव्हतं, म्हणून तुझ्या पट्ट्या बिनधास्त लावल्या. तिथून तू मला पकडशील असं वाटलं नव्हतं.

हात कसे आहेत. बोटांच्या सांध्यांवर भेगा आहेत. तळव्याला दोन ठिकाणी खड्डे पडले आहेत, ते भरत नाहीत. बटणं लावायला वेळ लागतो. तुझा तो शब्द लिहिलेला नाही.

आता म्हणशील, सोड. सोडून काय करू? टाकी बंद केली तर फाटकावर पाटी लावावी लागेल, पाणी पिऊ नये म्हणून. पाटी लावली की लोक नदीवर जातील आणि बादली बुडवतील. पूर्वी जायचे, मी पाहिलंय. आणि साहेब म्हणतील, चालत नसेल तर केंद्रच बंद करा. मी कितीदा लिहून कळवलं, बोललो, हात जोडले. मोटर निघालेली आहे. मी थकलोय, मुंगे. पण थकलो म्हणून नळाला काय सोडू?

आईची खाज थांबली हे वाचून हसलो. कपड्यांचा साबण! तिला सांग, इथे तिच्याशिवाय घर अंगावर येतं.

दादा


१९ मार्च

दादा,

तू दहा ओळींत मला सांगितलंस की पाणी स्वच्छ आहे, आणि ते मला पटलं. ते मी आईच्या हातावर स्वतः मोजलं आहे. पण तू तिथे मणी धुतोस आणि तूच शेवटचा मणी झाला आहेस. तुला धुवायला मिठाचं पाणी नाही. कातडीचा वरचा थर महिन्याभरात नवा होतो, पण तो नवा होताना तू पुन्हा हात घालतोस. तळव्याला खड्डे पडले म्हणजे ते पार आतल्या थराला लागलं आहे. आता जे आत जातंय ते रक्तात जातंय. हे भीती घालायला लिहीत नाही, माझं हेच काम आहे.

पाटी लावायची भीती वाटते तुला. मला वाटतं, तू आजवर पाटी लावली नाहीस म्हणूनच मोटर आली नाही. नळ चालू आहे तोवर कुणाचं काय अडलंय? त्यांच्या लेखी तिथे पंप आहे. तो पंप तू आहेस, एवढंच त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

मी रजा मागितली. क्रीमवाल्यांचं काम थांबवून ठेवलं आहे, रागावले आहेत, रागावू देत. आईला घेऊन सोमवारी पोचते. ती इथे राहायला तयार नाही. म्हणते, "तू मशीनवाली, तुला माझी गरज नाही. तो येडा आहे." स्टेशनवर येऊ नकोस. सामान उचलायला गेलास तर फलाटावरच भांडण होईल.

आणि मी येईपर्यंत टाकीत उतरू नकोस. एवढं एक माझं ऐक. आयुष्यात कधी ऐकलं नाहीस, आता ऐक.

मुंगी


२४ एप्रिल

मुंगे,

हे पत्र दादा सांगतोय आणि मी, आई, लिहितेय. तू बांधून गेलीस तशी बँडेजं अजून दोन्ही हातांवर आहेत, डॉक्टर दर दोन दिवसांनी बदलतात. मला लिहायला बसून कितीतरी वर्षं झाली, तेव्हा वेलांट्या चुकल्या तर पोटात घाल.

दादा म्हणतो, लिही, हात आता छान आहेत. छान नाहीत. उजव्या अंगठ्याची भेग काल पुन्हा उघडली. डाव्या हाताला मात्र नवी कातडी धरते आहे, तान्ह्या पोरासारखी गुलाबी. मी रोज उजेडात नेऊन बघते. तो म्हणतो, आई, तू आणि मुंगी मला काचेखाली घालून बसला आहात.

दादा म्हणतो, लिही, पाटी लावली. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने रेझिनची टाकी बंद केली आणि फळी आणून पाटी लिहायला घेतली. मार्कर धरवेना. मग मीच लिहिली, "हे पाणी पिऊ नये". लिहिताना तो शेजारी उभा होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी बघितलं नाही असं दाखवलं. हे तो सांगत नाही, हे माझं आहे.

लोक आले. फाटकाशी बराच आरडाओरडा झाला. एक म्हातारा म्हणाला, इतकी वर्षं चांगलं होतं, आज काय झालं, कुणाकडून खाल्लंस? दादा फाटकाशी आला. पांढरे मोजे काढले आणि दोन्ही हात गजांतून बाहेर धरले. मग कुणी ओरडलं नाही. नदीवर जातील असं त्याला वाटत होतं, पण ते गेले कचेरीवर, आणि तिथेच ठाण मांडून बसले. दुपारनंतर टँकर सुरू झाले. आणि ती मोटर, जी एक उन्हाळा आणि एक हिवाळा नुसती निघाली होती, ती आठवड्याच्या आत पोचली. साहेब स्वतः घेऊन आले. आधी का नाही आणली, हे विचारायचं त्राण याच्यात नव्हतं. माझ्यात होतं. मी विचारलं. साहेबांनी चहा अर्धा सोडला.

दादा म्हणतो, लिही, पंप चालू झाला, पाटी काढली. हो, काढली. पण मी ती फेकू दिलेली नाही, माझ्या पलंगाखाली आहे. पुन्हा लागली तर मला नव्याने लिहावी लागणार नाही. दोन माणसं परत आली आहेत. त्यांना खांद्यापर्यंतचे जाड मोजे दिले आहेत, आणि फाटला मोजा की काम बंद, असं दादाने त्यांना बजावलं आहे. स्वतः खुर्चीवर बसून सांगत असतो. मधेच उठतो, मग माझी आठवण येऊन बसतो. मी डबा घेऊन कधीही येते, हे त्याला माहीत आहे.

तू सांगितल्याप्रमाणे पट्ट्या पाठवतेय. लाल झाकणात त्याच्या, पांढऱ्या झाकणात माझ्या. या खेपेला तुलनेचा माणूस मी आहे. त्याच्या मीच काढल्या, जखमांपासून लांब, कोपराजवळ. दर पट्टीला तो "आई ग" म्हणायचा. मी म्हटलं, इथेच आहे, ओरडू नकोस. कपड्यांच्या साबणाला मी हात लावलेला नाही, तेव्हा माझी पट्टी बघून मला बोलू नकोस.

तू चार दिवस होतीस तेव्हा हा तुझ्याशी धड बोलला नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तू बाहेर गेलीस की मला विचारायचा, मुंगी कुठे गेली, केव्हा येणार. तू आत आलीस की पंपाबद्दल बोलायचा.

आता शेवटी म्हणतो, "मी ठीक आहे, काळजी करू नकोस, असं लिही आणि पुरं कर." मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, मी हे लिहिणार नाही, हे वाक्य तू इतकी वर्षं मलाही सांगत आलास. दुसरं काही असेल तर सांग, नसेल तर पत्र असंच राहील. खिडकीकडे तोंड करून बसला. मला वाटलं, रुसला. मग म्हणाला, "बरं, लिही. हात फार दुखतात. सुट्टी मिळाली की ये."

हे शब्द त्याचे आहेत. मी पदरचा एकही घातलेला नाही.

आई